एक नंबरची दोरी

डगी गेला तेव्हा माझा नंबर दोन होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो पाच झाला, आणि का झाला तेच सांगायचं आहे.

आम्ही दोघं हॅम्बर्गच्या एका मोठ्या लाँड्रीत कामाला होतो. घरगुती कपड्यांची लाँड्री नव्हे. हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, दिवसाला टनांनी. ओल्या चादरीचे दोन कोपरे दोन माणसांनी धरायचे, ताणून यंत्राच्या तोंडात द्यायचे, की तापलेल्या रुळांमधून ती पलीकडे वाळून, इस्त्री होऊन बाहेर येते. या यंत्राला सगळे मांगल म्हणतात. माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक अकरा वर्षं डगीनं धरलं. नवऱ्यासमोरही बाई इतके तास उभी राहत नाही.

डगी म्हणजे डग्लस, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा. बोटी बांधणाऱ्यांचं गाव. तिकडची गोदी बंद पडली तसा तो तरुणपणीच इकडच्या गोदीत वेल्डिंगला आला, आणि इकडचं कामही संपल्यावर लाँड्रीत. लग्न एकदा झालं होतं, तेही गोदीसारखंच बंद पडलं. सहा फूट उंच, हाडकुळा, आणि कायम कुडकुडणारा. ऑगस्टमध्येही स्वेटर. मांगलजवळ उन्हाळ्यात उभं राहणं म्हणजे शिक्षा, बाकीचे पाळी चुकवायचे आणि हा मागून घ्यायचा. मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली, मला उकाड्याचं काही वाटत नाही. म्हणून आमची जोडी जमली. तो मला 'हेन' म्हणायचा. हेन म्हणजे कोंबडी. त्यांच्याकडे बायकांना लाडानं म्हणतात म्हणे. पहिल्या आठवड्यात मी त्याला आमच्या गावच्या चार शिव्या ऐकवल्या, मग सवय झाली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याला सांगितलं की गोदीतली धूळ फुप्फुसात बसलीय आणि आता ती उठणार नाही. दुसऱ्या दिवशी डगी नेहमीसारखा कामाला आला. चहाच्या सुट्टीत त्यानं चादरींच्या गाड्यांना लावायची पिवळी कार्डं घेतली, आठ, आणि पेन काढलं.

"दोऱ्या वाटायला घेतल्या पाहिजेत," तो म्हणाला.

आमची भाषा म्हणजे खिचडी होती. त्याचं जर्मन गोदीतलं, माझं इंग्रजी शाळेतलं. पण हे मला नीट कळलं. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याला खाली सोडायला आठ दोऱ्या असतात, प्रत्येकीला नंबर. एक नंबर डोक्याकडचा, तो सगळ्यात जवळच्या रक्ताच्या माणसाला. दोन नंबर पायाकडचा. बाकी दोन्ही बाजूंना. कोणाला कुठला नंबर ते आधी कार्डावर लिहून देतात. ज्याला कार्ड मिळत नाही तो सँडविच खाऊन घरी जातो आणि मरेपर्यंत विसरत नाही. डगीनं प्रत्येक कार्डावर एक लांबट चौकोन काढला आणि भोवती आठ ठिपके.

"हा खांदा झाला," मी म्हटलं. "आमच्याकडे चार असतात."

"चारात भागतं?"

"आळीपाळीनं देतात."

"मग कोणी रुसत नाही?"

"रुसतात की. पण चालता चालता."

त्यानं मला दोन नंबर दिला. मी सांगितलं की आमच्यात बायका खांदा देत नाहीत. तो म्हणाला, आमच्यातही दोरी धरत नसत, पण पुरुष उरलेत कुठे, आणि उरलेत त्यांच्या कंबरा गेल्यात. तू रोज माझ्यासमोर टनभर ओला कपडा ओढतेस.

मी कार्ड घेतलं ते लगेच घेतलं. त्याला कारण आहे. आमचे हे, म्हणजे मोहन, सहा वर्षांपूर्वी गेले, घरीच. यांना कोणी खांदा दिला नाही. दोन अनोळखी माणसं आली आणि लिफ्ट लहान म्हणून यांना पट्ट्यांनी बांधून उभंच्या उभं घेऊन गेली. तिसऱ्याला जागा नव्हती. मी चार मजले जिन्यानं उतरले, खाली पोचेपर्यंत गाडीचं दार लागलं होतं. तीन आठवड्यांनी कलश आला. दफनभूमीतल्या माणसानं तो जाळीत ठेवला आणि दोरीनं खड्ड्यात सोडला. एक माणूस, एक दोरी. आम्ही हात बांधून बघत राहिलो. तेव्हापासून माझ्या हातांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, ते खोटं कशाला सांगू.

म्हणून डगीचा चौकोन बघून मला वाटलं, हा खड्डा. इथे कलशाला एक दोरी असते, त्याच्या गावात आठ असतात, एवढाच फरक. त्यानं जास्त सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खांदा म्हणजे काय हे आपण तरी कोणाला समजावून सांगतो का?

पुढचे सहा-सात महिने लाँड्रीत दुसरा विषय नव्हता. शिफ्ट बघणाऱ्या फ्राउ पेटरसनला चार नंबर मिळाला होता. चादरींजवळ सिगरेट ओढतो म्हणून तिनं डगीची लेखी तक्रार केली, तेव्हा त्यानं तिच्या डोळ्यांदेखत तिचं नाव खोडलं. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा केक घेऊन आली आणि सातवर परत चढली. ड्रायरवरचा एक जण बोलून गेला की माझी पाठ दुखते, तो त्याच दिवशी यादीतून गेला. एरवी डगीला कोणी विचारत नसे. आता लोक त्याच्या ऑक्सिजनच्या नळकांड्याची चाकंसुद्धा पुसून देत होते. मरणाऱ्याकडे वाटण्यासारखं काही असलं की त्याचे दिवस बरे जातात.

पाच नंबर मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. रॅब. डगीचा धाकटा, सख्खा भाऊ, ग्रीनॉकलाच असतो.

"पाचवर वजन येत नाही," डगीनं मला सांगितलं. "नुसतं धरल्यासारखं करायचं. पाच शेजाऱ्याला देतात."

"मग सख्ख्या भावाला का?"

तेव्हा कळलं की एकोणीस वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. धुक्यानं विमान अडलं आणि डगी पोचेपर्यंत कार्डं वाटून झाली होती. रॅबनं एक स्वतःकडे ठेवला. दोन मामाला. चार नंबर, आईचा टीव्ही दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला. आणि थोरल्या मुलाला पाच. डगीनं पाचवी दोरी धरली, काम झाल्यावर सोडली, एक शब्द न बोलता संध्याकाळच्या विमानानं परत आला. त्यानंतर भावाशी बोलला नाही.

एवढ्यावरून, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आमच्या भावकीत पंगतीला पाट मागे मांडला म्हणून तीन पिढ्या एकमेकांच्या दारात न गेलेली घरं मला माहीत आहेत. 

"आणि एक नंबर कोणाचा?"

"तो रिकामा," डगी म्हणाला, आणि चादरीचं टोक उचललं.

नोव्हेंबरात त्याला हॉस्पिटलात ठेवलं. ज्या हॉस्पिटलच्या चादरी आम्ही धुतो तेच. मी गेले की तो चादर चाचपून म्हणायचा, ही आपली, घडी तिरकी आहे, म्हणजे तुझी. शेवटच्या रविवारी त्याला बोलायलाही दम पुरत नव्हता. त्यानं रॅबचं कार्ड मागितलं. पाच खोडला. एक लिहिला. एक म्हणजे नुसती उभी रेघ, पण तेवढी ओढायला त्याला खूप वेळ लागला.

"त्याला पाठव," तो म्हणाला. "डोक्याकडची दोरी त्याच्या हातात दे, हेन. माझं वजन त्याला लागलं पाहिजे."

"देते," मी म्हटलं. "मी बघते सगळं."

कागदोपत्रीही मीच बघायचं होतं, तसं त्यानं सही करून ठेवलं होतं. मंगळवारी सकाळी तो गेला. त्याच दिवशी मी कार्ड ग्रीनॉकला पाठवलं. गुरुवारी त्या वॉर्डाच्या गाड्या लाँड्रीत आल्या. त्यातली त्याची कुठली हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी सगळ्याच चादरी नीट सरळ घातल्या.

शुक्रवारी मी बेश्टाटरकडे गेले. अंत्यविधीचं सगळं बघणाऱ्याला इथे तसं म्हणतात. बरोबर माझी लेक रीना होती. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. बेश्टाटर तरुण, सभ्य माणूस होता. त्यानं विचारलं, मातीत की अग्नीत?

बाहेर पाऊस आडवा लागला होता. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ चालले होते. मला या गावची जमीन माहीत आहे, फावडं मारलं की पाणी लागतं. त्यात त्या माणसाला ठेवायचं, जो ऑगस्टमध्ये स्वेटर घालायचा? एकदा तरी त्याला हाडापर्यंत ऊब मिळू दे. शिवाय खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचलंच नाही. माणूस गेला की अग्नी. यात विचारायचं काय?

"अग्नी," मी म्हटलं.

"आई, बिस्ट डू झिशर?" रीनानं विचारलं. "हाट एर दास गेझाग्ट?"

"त्यानं सांगायला कशाला हवं? मला खात्री आहे."

इतकी खात्री मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे. मी सही केली. वर बेश्टाटरला सांगितलं की कलशाच्या जाळीला एक नाही, आठ दोऱ्या लागतील. तो म्हणाला, असं कोणी मागितलेलं नाही, पण मनाईही नाही. दोऱ्या आम्हीच दिल्या. मैल्या कपड्यांच्या पिशव्यांच्या नाड्या काढल्या, नव्वद डिग्रीवर धुतल्या, मांगलमधून काढल्या. पांढऱ्याशुभ्र, सरळ. फ्राउ पेटरसननं प्रत्येकीला नंबर शिवला.

कार्ड पोचल्यावर रॅबचा फोन आला. आवाज डगीचाच, फक्त दम भरपूर.

"हा एक आहे?"

"एक आहे."

"त्याच्या हातचा?"

"पाच खोडून लिहिलाय. माझ्यासमोर."

फोन ठेवला गेला. दहा मिनिटांनी पुन्हा आला, तारीख विचारायला. तारखेशिवाय त्यानं काही विचारलं नाही. त्यालाही कोणाला काही समजावून सांगायची गरज वाटत नव्हती.

डिसेंबरच्या मधल्या गुरुवारी, सकाळी अकराला, दफनभूमीच्या छोट्या हॉलबाहेर आम्ही सात जण उभे होतो, रॅबच्या सुटलेल्या पाचवर रीना. रॅब विमानतळावरून टॅक्सीनं थेट आला. तीच उंची, तीच हाडं, काळा ओव्हरकोट, काळे हातमोजे. त्यानं सगळ्यांशी हात मिळवला आणि प्रत्येकाला नंबर विचारला. मी दोन सांगितल्यावर मान हलवली. मग आतल्या खिशातून एक जुनं कार्ड काढलं, कडा पिवळ्या पडलेलं. त्याच्या आईचं. नंबर एक.

"हे त्याचं होतं," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं माझ्याकडे राहिलं. पेटीत त्याच्याबरोबर ठेवायचंय. झाकण अजून लागलं नाही ना?"

मला 'पेटी' ऐकू आलं, पण अजूनही कळलं नाही. आम्ही आत गेलो. समोर स्टँडवर गडद हिरवा कलश, लोणच्याच्या बरणीएवढा. भोवती फुलं. जाळीच्या आठ पांढऱ्या नाड्या खाली लोंबत होत्या, कोळ्याच्या पायांसारख्या.

रॅबनं हॉलभर नजर फिरवली. कोपऱ्यात बघितलं, पडद्यामागे बघितलं.

"डगी कुठेय?"

मी कलशाकडे हात केला.

तो कलशाजवळ गेला. वाकून बघितलं. एका बोटानं नाडी उचलली, तिच्यावर शिवलेला नंबर वाचला आणि सोडून दिली.

"तो सहा फूट होता," तो म्हणाला.

फ्राउ पेटरसन रडायला लागली. अजून वेळ झाली नव्हती, पण तिला थांबवणार कोण.

"कोणी ठरवलं हे?"

"मी," मी म्हटलं. "त्याला कायम थंडी वाजायची."

रॅबनं माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वाजायची," तो म्हणाला. "लहानपणी आम्ही एका बिछान्यात झोपायचो. गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायचा." मग खुर्चीवर बसला आणि हातमोजे काढून पुन्हा घातले. "पण दोरी पेटीला असते, बाई. पेटीत माणूस असतो. ओलं लाकूड आणि आख्खा माणूस. चौघांना पेलत नाही, हात सोलवटतात, म्हणून आठ. चौकोन काढून दिला होता ना त्यानं?"

"मला तो खड्डा वाटला."

  त्या खोलीत माझं काय झालं ते सांगता येणार नाही. डगीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, मी देते म्हटलं होतं, आणि ती मी माझ्या हातानं सही करून जाळून टाकली होती. प्रेमानं जाळली, याला काही अर्थ नाही.

बाहेर खड्डा तयार होता. गुलाबाचं रोप लावायला खणावा तेवढा. आठ जणांनी त्याच्याभोवती उभं राहायचं म्हणजे कपाळाला कपाळ लागत होतं. कोणी कोणाच्या पायावर पाय दिला, कोणी माफी मागितली. रॅब डोक्याकडे उभा राहणार म्हणाला. कलशाला डोकं कुठलं? बेश्टाटर इतका सभ्य की त्यानं वाकून कलश थोडा फिरवला, जणू आता बरोबर झालं.

आम्ही दोऱ्या घेतल्या. रॅबनं आपली नाडी हातमोज्याभोवती दोनदा गुंडाळली. पाय रोवले. खांदे खाली घेतले, कंबर बसवली, जसं जड काही उचलताना गोदीतली माणसं करतात. तो एवढ्यासाठीच आला होता. एकोणीस वर्षांपूर्वी भावाला नाकारलेलं वजन आज दोन्ही हातांवर घ्यायचं होतं.

"उचला," बेश्टाटर म्हणाला.

रॅबनं उचललं आणि कलश वर उडाला. छातीपर्यंत आला, आमच्या सगळ्यांच्या दोऱ्या ढिल्या पडल्या, तो झोके घेऊन फ्राउ पेटरसनच्या पोटावर आपटला आणि तिनं दोरी सोडली. कोणीतरी हसलं. हसू आवरत नाही अशा वेळी, मी त्याला दोष देत नाही. सगळा मिळून तीन-चार किलो असेल. आठांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक ओला अभ्रा.

"वजनच नाही," रॅब म्हणाला.

त्यानं आमच्याकडे एकेकाकडे बघितलं.

"सोडा. सगळ्यांनी सोडा."

आम्ही सोडलं. मी सगळ्यात शेवटी सोडलं. तो एकटाच कलश धरून उभा राहिला, हात लांब करून, की आता तरी काही लागेल. बराच वेळ धरला. पाऊस हातमोज्यांवरून गळत होता. 

"काहीच नाही," तो म्हणाला, आणि हळूहळू खाली सोडला. मागोमाग आईचं कार्ड टाकलं. ते उलटं पडलं. बेश्टाटर गुडघे टेकून सुलट करायला निघाला, रॅबनं त्याला राहू दे म्हटलं.

नंतर दफनभूमीसमोरच्या बेकरीत कॉफी आणि केक, इथल्या पद्धतीप्रमाणे. सगळे हळूहळू पांगले. रॅब आणि मी समोरासमोर उरलो, मधे टेबल. त्याचं विमान चारला होतं. मी माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही आणि परतही केली नाही.

"कार्ड आहे का एखादं?" त्यानं विचारलं.

माझ्या पर्समध्ये गाडीचं एक कोरं पिवळं कार्ड होतं. त्यानं त्यावर चौकोन काढला. या वेळी चौकोनाला झाकण काढलं, कडेला मुठी काढल्या, आत एक आडवा माणूससुद्धा काढला, बूट घातलेला. भोवती आठ ठिपके. एका ठिपक्यासमोर माझं नाव लिहिलं आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"हे माझं. ओकची पेटी असेल," तो म्हणाला. "मी जड आहे. डगीपेक्षा वीस किलोनं जड. रीतसर मातीत. कोणाला काही ठरवायचं नाही."

मी नंबर बघितला.

"पाच," मी म्हटलं.

"पाच."

"पाचवर वजन येत नाही."

"नाही येत." त्यानं केकचा तुकडा तोडला. "पण येणार ना?"

"येईन."

पाच म्हणजे काय ते मला आता माहीत होतं. त्या घरात पाच नंबर परक्याला चालतो, आणि आपल्या माणसाला दिला तर तो एकोणीस वर्षं दुखतो. त्यानं मला दुसऱ्या प्रकारात धरलं होतं. मी कार्ड पर्समध्ये ठेवलं, दोनच्या शेजारी.

सोमवारी मांगलवर डगीच्या जागी नवी बाई आली. कामाला वाईट नाही, फक्त चादर ताणून धरत नाही, टोक नुसतं हातात ठेवते. त्यामुळे ओल्या चादरीचं सगळं वजन माझ्याच बाजूला येतं. फ्राउ पेटरसन म्हणाली, तिला सांगू का? मी म्हटलं, राहू दे.